सुसू घ्या, बाबी ओळखा: बाली-मलेशियाच्या दुकानात पाकीट कसं वाचायचं

बाली किंवा क्वालालंपूरच्या सुपरमार्केटात मराठी कुटुंब शिरलं की आधी पोरं खिदळतात. दुधाच्या फ्रिजवर ठळक अक्षरांत ‘सुसू’ लिहिलेलं असतं. इंडोनेशियन आणि मलय भाषांत सुसू म्हणजे दूध. हसून झालं की खरी कसरत सुरू होते. या भाषांत संस्कृत, फारसी, अरबी शब्द ढिगानं गेलेत, त्यामुळे अर्धी पाकिटं ओळखीची वाटतात आणि तिथंच फसगत होते.

आधी उच्चार. रोमन ‘सी’ कायम ‘च’ असा वाचायचा. १९७२ साली दोन्ही देशांनी मिळून हा नियम पक्का केला. म्हणून पाकिटावरचं सी-ए-पी म्हणजे टोपी नव्हे, ‘चाप’, म्हणजेच आपला छाप! आपल्याकडे घोडा छाप, तसं तिकडे ‘चाप बादाक’, गेंडा छाप. अंगात उष्णता झाल्यावर प्यायचं ते पाणी असतं, गेंड्याचा त्यात काही संबंध नाही. ‘कापाल आपी’ ही कॉफी आहे. कापाल म्हणजे जहाज, आपी म्हणजे आग, म्हणजे शब्दशः आगबोट. हे नाव इंग्रजीत समजावताना दमछाक होते, मराठी माणसाला एका शब्दात कळतं. आणि ए-आय-आर लिहिलेल्या बाटलीत हवा विकत नाहीत. ‘आयर’ म्हणजे पाणी.

दूध घेताना तीन शब्द बघा. ‘सुसू सगार’ म्हणजे ताजं दूध. ‘यूएचटी’ म्हणजे न उघडता फ्रिजबाहेर टिकणारा खोका. ‘कंताल मानिस’ म्हणजे शब्दशः घट्ट गोड, आपलं कंडेन्स्ड मिल्क. ते पाणी घालून मुलाला दूध म्हणून देऊ नका, त्यात साखरच फार असते. चहासाठी ‘तावार’ किंवा ‘प्लेन’ लिहिलेला खोका घ्या. तावार म्हणजे बिनगोडाचं. चॉकलेट-स्ट्रॉबेरीचे खोके शेजारीच आणि तसेच दिसतात. अस्वलाचं चित्र असलेलं डबाबंद दूध इंडोनेशियात ‘सुसू बरुआंग’, म्हणजे अस्वलाचं दूध, म्हणून मागतात. दूध गाईचंच असतं.

चहाची पावडर घेतानाची चूक तर फार होते. जावातला बराचसा चहा मोगऱ्याच्या जातीच्या फुलांनी वासाळलेला असतो. पाकिटावर ‘मलाती’ दिसलं की समजा, दूध घातल्यावर गजरा उकळल्यासारखा चहा होणार. ‘तेह हिताम’, म्हणजे काळा चहा, असं लिहिलेलंच घ्या. ‘चलुप’ म्हणजे बुडवायच्या पिशव्या.

आता ओळखीचे वाटणारे शब्द. ‘रोटी’ म्हणजे पाव. ‘रोटी तावार’ म्हणजे साधा स्लाइस ब्रेड, ‘रोटी सोबेक’ म्हणजे फाडून खायचा पाव. लादीपावाचाच भाऊ, पण आत चॉकलेट नाहीतर चीज, तेव्हा मिसळीबरोबर नको. ‘गारम’ म्हणजे मीठ, ते कितीही थंड असलं तरी. ‘चुका’ म्हणजे व्हिनेगर. ‘गुला’ गुळावरूनच आला, पण अर्थ साखर असा झाला. ‘गुला पासिर’ म्हणजे वाळूसाखर, आपली रोजची. ‘गुला बातू’ म्हणजे दगडसाखर, आपली खडीसाखर. गूळ हवा असेल तर ‘गुला मेराह’ मागा, लाल साखर. तो ताडमाडांच्या रसाचा असतो, गोव्यातलं माडाचं गोड खाल्लेल्याला लगेच पटेल. ‘केचाप’ मात्र केचप नाही, ते सोया सॉस. ‘केचाप मानिस’ काकवीसारखं काळं, दाट, गोड असतं आणि फ्रेंच फ्राइजवर ओतलं की घोटाळा होतो. टोमॅटोचं हवं तर इंडोनेशियात ‘साउस तोमात’, मलेशियात ‘सोस तोमातो’. भातासाठी ‘बरास’ घ्या, कच्चा तांदूळ. त्यापुढे ‘कतान’ (मलेशियात ‘पुलुत’) असेल तर तो चिकट तांदूळ, त्याचा वरणभात लगदा होतो. ‘आंग्गुर’ म्हणजे द्राक्षंही आणि वाइनही. बाटली असेल तर मुलांच्या हातात देण्याआधी अल्कोहोलची टक्केवारी शोधा.

हिरवा-तपकिरी ठिपका तिथं नाही. शाकाहारी माणसानं सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा, कारण नावातला प्राणी खोटा असू शकतो आणि खरा प्राणी मागच्या बारीक अक्षरांत बसलेला असतो. ‘लिदाह बुआया’ म्हणजे मगरीची जीभ, पण ती आहे कोरफड. तिचं गोड पेय निर्धास्त प्या. ‘लिदाह कुचिंग’, मांजरीची जीभ, हे पातळ बिस्किट. अंडं चालत नसेल तर नको. ‘तलुर माता सापी’ म्हणजे बैलाच्या डोळ्याचं अंडं, अर्थात हाफ फ्राय. एरवी ‘सापी’ (मलेशियात ‘लम्बू’) म्हणजे गाय-बैल, शेजारी ‘सुसू’ नसेल तर गोमांसच धरा. ‘ओताक-ओताक’ म्हणजे मेंदू-मेंदू, आत असतो माशाचा लगदा. उलट ‘आबोन’चं पाकीट सुक्या चटणीसारखं दिसतं आणि ते मांसाचे पिंजलेले धागे असतात, पावावर भुरभुरलेलेही मिळतात.

बी-ए-बी-आय, ‘बाबी’, म्हणजे डुक्कर. कोकणात नि गोव्यात लाडानं बाबी म्हणतात, त्यामुळे हा शब्द नजरेतून सुटतो. इंडोनेशियात अशा पाकिटावर डुकराचं चित्र आणि ‘मंगान्दुंग बाबी’ (यात डुक्कर आहे) ही लाल चौकट सक्तीची आहे. हलाल शिक्का असला तर डुक्कर आणि दारू नाही हे कळतं. कोंबडी, मासे, गोमांस त्यात असू शकतात. हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे, ही गल्लत फार लोक करतात.

म्हणून पाकीट पालथं करा. इंडोनेशियात ‘कोम्पोसिसी’, मलेशियात ‘रामुआन’ या शब्दापुढे घटकांची यादी असते. तिच्यात ‘आयाम’ (कोंबडी), ‘इकान’ (मासा), ‘उदांग’ (कोळंबी), ‘तरासी’ किंवा ‘बलाचान’ (कोळंबीचा वाटलेला खार), ‘तलुर’ (अंडं) आणि ‘जिलेटिन’ (बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं) शोधा. ‘हेवानी’ म्हणजे प्राणिजन्य, आपल्या हैवानाचाच सख्खा शब्द. ‘नाबाती’ म्हणजे वनस्पतिजन्य, तो चालतो. इंडोनेशियन यादीत ॲलर्जीचे घटक ठळक छापतात, त्यामुळे शेंगदाणा, म्हणजे ‘काचांग ताना’, चटकन दिसतो. समोरच्या बाजूला ‘रासा आयाम’ असेल तर तो फक्त स्वाद असू शकतो. रासा म्हणजे रसच, चव या अर्थी. पण नूडल्सच्या मसाल्यात खरा अर्कही असतो, म्हणून ‘एक्स्ट्राक’ शब्दापुढे काय आहे ते वाचल्याशिवाय पाकीट टोपलीत टाकू नका. मोबाइलचा कॅमेरा भाषांतर करतो, पण ब्रँडचं नावही भाषांतरित करून ‘तीन पाय’ वगैरे दाखवतो. त्याला घटकांच्या यादीवरच धरा.

‘हाती’ म्हणजे कलेजी. तो शब्द दोनदा, ‘हाती-हाती’ असा, जमिनीवरच्या पिवळ्या पाटीवर दिसला, तर फरशी ओली आहे. जपून चाला.