उन्हाळा सरताना भाजीची बाग: अतिथंड प्रदेशासाठी सल्ला

अतिथंड प्रदेशात भाज्यांचा हंगाम जेमतेम नव्वद ते शंभर दिवसांचा. उत्तर गोलार्धात ऑगस्टच्या मध्याला बाग ऐन भरात असते. टोमॅटोला घोस लगडलेले असतात, भोपळ्याचे वेल वाफ्याबाहेर धावत असतात आणि रोज नवी फुले येतात. नेमकी इथेच चूक होते. झाड जोमात आहे म्हणून आपण त्याला वाढू देतो. खरे तर आता वाढ थांबवून आहे ते फळ पिकवून घ्यायचे दिवस असतात.

आपल्या भागात पहिले दव साधारण कधी गोठते, ती सरासरी तारीख आधी काढा आणि तिथून मागे मोजा. टोमॅटोचे फूल उमलल्यापासून फळ लाल व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. तेव्हा दव गोठायला महिना उरला असताना उमललेल्या फुलाचा टोमॅटो हाती लागायचा नाही, उलट ते फूल खालच्या घोसाचा वाटा खाते. सर्वात वरच्या चांगल्या घोसावर दोन पाने ठेवून शेंडा खुडा, पान आणि खोड यांच्या बेचक्यात येणारी बगलफूट काढा, नवी फुलेही काढून टाका. जिवावर येते, पण करा. लाल भोपळ्याच्या वेलाचे शेंडेही छाटा आणि मुठीएवढी फळे काढून फक्त मोठी ठेवा. नत्राचे खत आता पूर्ण बंद. उशिरा दिलेल्या नत्राने कोवळा पाला फुटतो आणि थंडीत तोच आधी करपतो. कांद्याच्या निम्म्या माना पडल्या की पाणी तोडा.

रिकाम्या झालेल्या वाफ्यात अजून पेरता येते. मुळा, पालक, लेट्यूस, सलगम ही थंडी सोसणारी पिके घ्या. मात्र पाकिटावरचे दिवस जसेच्या तसे धरू नका. दिवस लहान होत जातात, ऊन तिरपे होते, म्हणून त्यात दोन आठवडे मिळवा. समजा दव 25 सप्टेंबरला गोठते आणि मुळा 28 दिवसांचा आहे. चौदा मिळवून 42 दिवस झाले, म्हणजे पेरणी 14 ऑगस्टच्या आसपास हवी. मुळा हलकी थंडी सोसतो, त्यामुळे चार-सहा दिवस इकडेतिकडे चालतात. घेवड्याला किंवा काकडीला ही सवलत नाही. दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की बहुतेक भाज्यांची वाढ जवळपास थांबते, म्हणून पाने त्याआधी भरलेली हवीत.

आता सर्वात महत्त्वाचे. दव गोठणारी पहिली रात्र बहुधा एकटी येते आणि तिच्यामागे कितीदा तरी आठ-पंधरा दिवस उबदार जातात. ती एक रात्र निभावली तर तेवढे दिवस पदरात पडतात. निरभ्र आकाश, वारा पडलेला आणि संध्याकाळीच बोचरा गारठा, अशी रात्र धोक्याची. हवामानाच्या अंदाजातले तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटरवरचे असते; शांत रात्री पानाजवळ ते दोन-चार अंशांनी खाली असते. म्हणून अंदाज 3 अंशांचा असला तरी झाका. थंड हवा पाण्यासारखी उताराला वाहते आणि सखल कोपऱ्यात साचते, तिथले वाफे आधी झाका.

दुपारी जमिनीला पाणी द्या, कारण ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब साठवते. सूर्य मावळण्याआधी क्रॉप कव्हर (पिकावर टाकायचे हलके कापड) किंवा जुनी चादर टाका आणि कडा जमिनीपर्यंत आणून दगडांनी दाबा. ऊब मातीतून वर येते, खोडाभोवती कापड गुंडाळले तर ती बाहेरच राहते. प्लास्टिक वापरत असाल तर काठ्यांवर उचलून धरा. ते पानाला टेकते तिथे पान गोठते. पहाटे कापडावर हात फिरवला तर ते पापडासारखे कडक लागते आणि खाली पाने मऊ, ओली असतात. ऊन चढले की झाकण काढा.

कोबी, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), गाजर यांची एवढी काळजी नको. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि ती गोड लागतात. पाने गोठलेली असताना मात्र हात लावू नका, मोडलेली पाने काळी पडतात. ती आपोआप सैल होऊ द्या, मग तोडा.

कडक थंडी येणारच असे दिसले की टोमॅटो हिरवेच उतरवा. एक फळ मधोमध कापून पाहा. बियांभोवती गर बुळबुळीत झाला असेल आणि बी सुरीखाली न कापता सरकत असेल, तर तेवढी जून झालेली फळे घरात 18 ते 21 अंशांवर पिकतात. शेजारी एक पिकलेले केळे ठेवले तर लवकर पिकतात. भोपळा देठासकट कापा, देठ तुटला की तिथूनच सड लागते. बटाट्याचा पाला मेल्यावर साल पक्की व्हायला दोन आठवडे द्या, पण जमीन गोठण्याआधी काढणी उरका.

लसणाच्या पाकळ्या जमीन गोठायच्या तीन-चार आठवडे आधी, टोक वर करून, पाच-सात सेंटिमीटर खोल लावा. मुळे धरतील आणि कोंब फारसा वर येणार नाही, एवढाच हा वेळ. जमीन वरून कडक झाली की त्यावर दहा-पंधरा सेंटिमीटर पेंढा पसरा.