वायमारला येताय? मग बुखेनवाल्ड असं बघा

जर्मनीत आमच्याकडे येणारे पाहुणे वायमार शहराला जाऊ म्हणतात ते गटेसाठी. शाकुंतलावर लुब्ध झालेला कवी, त्याचं घर, समोर आइस्क्रीम. मी नेतो, पण एका अटीवर: सकाळी बुखेनवाल्ड, म्हणजे शेजारची नाझी छळछावणी, मग गटे. दोन्ही एकाच दिवशी. सोमवार टाळा, प्रदर्शन बंद असतं.

वायमारच्या गटेप्लात्झ चौकातून ६ नंबरची बस घ्या. पाटीवर ‘बुखेनवाल्ड’ आहे ना, हे बघूनच चढा. काही बसेस एटर्सबुर्ग गावाकडे वळतात. अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटर. तेवढ्यात पाहुण्यांना एवढं सांगून ठेवा: १९३७ साली छावणी उभी राहिली तेव्हा तिला एटर्सबेर्ग टेकडीचं नाव मिळणार होतं. वायमारच्या नाझी सांस्कृतिक मंडळींनी हरकत घेतली, कारण त्या टेकडीशी गटेचं नाव जोडलेलं. हरकत नावाला होती बरं का, छावणीला नव्हे! सुरुवातीला तिथले मृतदेह वायमारच्याच शहरी दाहगृहात जाळत. पुढे छावणीत भट्ट्या बसल्या, त्या शेजारच्या एरफुर्टमधल्या टॉप्फ उंड झ्योने कंपनीच्या. शेवटचा चढ बस ज्या रस्त्याने चढते, तो कैद्यांनीच बांधलेला.

फाटकातून आत गेलात की मागे वळा. ‘ज्याचं त्याला’ या अर्थाची लोखंडी अक्षरं आतून वाचता येतील अशी बसवली आहेत. ती रेखाटली फ्रान्झ एर्लिश या कैद्याने. तो बाउहाउस या नावाजलेल्या कला-वास्तुशाळेचा विद्यार्थी, आणि बाउहाउस १९१९ मध्ये सुरू झालं ते वायमारलाच.

हजेरीच्या मैदानात जमिनीलगत एक धातूची पाटी आहे. बहुतेक जण ओलांडून जातात. खाली वाका, तळहात टेकवा. ती बारा महिने ३७ अंशांवर, माणसाच्या अंगाइतकी उबदार ठेवतात. हिवाळ्यात तिच्यावर बर्फ टिकत नाही.

इथे सुमारे ५६,००० माणसं मेली. सुटका झाली ११ एप्रिल १९४५ला. पाचच दिवसांनी अमेरिकन सैन्याने वायमारच्या हजारभर नागरिकांना चालत वर आणून सगळं दाखवलं. आम्हाला ठाऊकच नव्हतं, असं पुष्कळांचं म्हणणं. शहरातलं ते दाहगृह आणि बसचं ते जेमतेम अंतर आठवा, आणि तुमचं तुम्ही ठरवा.

लहान मुलं असतील तर छावणीतल्या दाहगृहाच्या इमारतीत नेऊ नका. एकाने बाहेर थांबावं. पाय चांगले असतील तर परतताना जुन्या रेल्वेमार्गाची वाट धरा. तिथल्या दगडांवर इथून आउश्वित्झला पाठवलेल्या मुलांची नावं आहेत.

गटेचं घर दुपारी. वेळा आधी बघून घ्या.