मातीच्या कच्च्या विटा: माती पारखण्यापासून वीट तपासण्यापर्यंत

मराठवाड्यात गावाच्या जमिनीला दोन नावे आहेत: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. विटा पाडणाऱ्याने हा भेद आधी लक्षात घ्यावा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे उन्हाळ्यात शेताला पडतात तशाच भेगा तिच्या विटेलाही पडतात. म्हणून पांढरी किंवा तांबूस माती निवडावी, आणि मुळ्या व पालापाचोळा असलेला वरचा वीतभर थर बाजूला सारून खालची माती खणावी. मात्र जिथे जमिनीवर पांढरे क्षार फुटलेले दिसतात तिथली माती घेऊ नये. पुढे भिंतीला लोणा लागतो आणि तिचे पापुद्रे सुटू लागतात.

माती घरी आणली की लगेच साच्याला हात लावू नये. काचेच्या उभट बरणीत एक तृतीयांश माती भरून वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालावे, बरणी जोरात हलवावी आणि ठेवून द्यावी. मिनिटभरात तळाशी बसते ती वाळू, काही तासांत तिच्यावर बसतो तो गाळ, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत सर्वांत वर साचते ती चिकणमाती. वाळू निम्म्याहून थोडी जास्त आणि चिकणमाती साधारण पाचवा हिस्सा असेल, तर माती विटेजोगी आहे.

बरणीपेक्षा माझा भरवसा हातावर अधिक आहे. ओलसर मातीची करंगळीएवढी जाड वळी करून ती मुठीतून हळूहळू खाली सोडावी. ५ सेंटिमीटरच्या आतच तुटली तर चिकटपणा कमी आहे. १५ सेंटिमीटरच्या पुढे लोंबत राहिली तर माती फार चिकट आहे, तिच्यात भरड वाळू मिसळावी लागेल. त्यानंतर त्याच मातीच्या २ सेंटिमीटर व्यासाच्या चार गोळ्या वळून दोन दिवस सावलीत वाळवाव्यात आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये सारा जोर लावून दाबाव्यात. एकही फुटता कामा नये. एक जरी फुटली तरी मिश्रण बदलावे आणि पुन्हा चार गोळ्या वळाव्यात.

पसंत ठरलेली माती चाळून, पाणी घालून एक-दोन दिवस मुरू द्यावी, म्हणजे ढेकळांच्या गाभ्यापर्यंत ओल पोहोचते. मग पाच पाट्या मातीला एक पाटी गव्हाचा भुसा घालून चिखल पायांनी तुडवावा. वाळताना पडणारी मोठी भेग भुसा रोखतो, म्हणून तो सगळीकडे सारखा पसरायला हवा.

दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामाला चांगले. ३० बाय १५ बाय १० सेंटिमीटरचा बिनतळाचा लाकडी साचा ओला करून राखेवर ठेवावा आणि चिखल कोपऱ्यांत अंगठ्याने नीट दाबून भरावा, कारण पोकळ राहिलेला कोपराच आधी ढासळतो. साचा उचलल्यावर विटेचे पोट सुटले तर पाणी जास्त झाले आहे. पहिले तीन-चार दिवस सावली द्यावी, मग विटा कडेवर उभ्या कराव्यात. पुरत्या वाळायला सुमारे चार आठवडे लागतात.

वाळलेल्या घाण्यातून चार-पाच विटा तपासाव्यात. एक फोडून पाहावी: आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद असेल तर ओल बाकी आहे. दुसरी कमरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर पाडावी. टवका उडाला तर चालेल, तुकडे झाले तर नाही. तिसरी दोन विटांवर आडवी टेकवून मधोमध प्रौढ माणसाने मिनिटभर उभे राहावे. पाण्यात बुडवून मात्र परीक्षा घेऊ नये, कारण कच्ची वीट विरघळणारच. पाण्यापासून तिला वाचवायचे ते दगडी जोत्याने, पुढे आलेल्या पागोळीने आणि दरवर्षीच्या शेणमातीच्या लिंपणाने.

वीट या कसोट्यांना उतरली म्हणजे भिंत भूकंपाला टिकेल असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्यावरचे धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. त्यामुळे राहते घर बांधताना भिंती एकत्र बांधून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्यांची आणि हलक्या छपराची आखणी अभियंत्याकडूनच करून घ्यावी. कुंपण, गोठा किंवा आडोशाच्या बुटक्या भिंतीपासून हात बसवावा.

नापास झालेल्या विटा फेकू नयेत. त्या फोडून, भिजवून, उणीव असेल ते मिसळून पुढच्या घाण्यात तुडवाव्यात.