पॉलिमर क्लेच्या मूर्तीला गेलेले तडे

वासुदेवाची वीतभर मूर्ती ओव्हनमधून काढली तेव्हा अंगरख्याच्या घेरावर, जिथे क्लेचा थर सर्वांत जाड होता, तिथे बारीक तडे दिसले आणि चिपळ्या धरलेला हात बोट लागताच मनगटापाशी मोडला. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसी या प्लास्टिकची पूड आणि तिला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर यांचे मिश्रण. ती वाळून नव्हे, तर उष्णतेने कण एकजीव झाल्यावरच मजबूत होते. ओव्हनच्या आत वेगळा थर्मामीटर ठेवला, तेव्हा तापमान बरेच कमी भरत असल्याचे कळले. मग तड्यांत लिक्विड क्ले (याच क्लेचे पातळ रूप) भरून, हातही तिनेच जोडून, पाकिटावर दिलेल्या तापमानाला (बहुतेक क्लेंसाठी ते ११० ते १३५ अंश सेल्सिअस असते) मूर्ती पुन्हा भाजली. या क्लेला दोनदा भाजलेले चालते. करपू मात्र देऊ नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. पुढच्या मूर्तीसाठी तारेच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियम फॉइल घट्ट आवळून क्लेचा थर ६ मिलिमीटरच्या आत ठेवला, आणि बोटांसारख्या नाजूक भागांसाठी, दुकानात हाताला मऊ लागणारी नव्हे, तर मळायला जड पण भाजल्यावर किंचित लवणारी क्ले निवडली.