रक्तावर संशोधन करायचंय? आधी ट्यूब धरायला शिका

बी.एस्सी.चे निकाल लागले की दोन-चार मुलं माझ्याकडे हमखास येतात. "मॅडम, रक्ताच्या आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांवर काम करायचंय, काय करू?" त्यांना परीक्षांची नावं हवी असतात, म्हणून ती आधीच सांगून मोकळी होते. एम.बी.बी.एस. असाल तर पॅथॉलॉजी किंवा ट्रान्सफ्यूजन मेडिसिनमध्ये एम.डी. करा, पेशंट बघायचे असतील तर मेडिसिन किंवा बालरोग, आणि पुढे क्लिनिकल हिमॅटॉलॉजीत, म्हणजे रक्तविकारांत, डी.एम. डॉक्टर नसाल तर बायोकेमिस्ट्री, बायोटेक असं काहीतरी घेऊन एम.एस्सी., मग सीएसआयआर-नेट किंवा आयसीएमआरची जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठीची फेलोशिप. २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये मिळतात. मुंबईत त्यातून घरी पाठवायला फारसं उरत नाही, हे घरच्यांच्या कानावर आत्ताच घाला.

इथवरचं कोणीही सांगेल. माझं म्हणणं वेगळं आहे: फेलोशिप सुरू होण्याआधी महिनाभर एखाद्या ब्लड बँकेत बसा आणि रक्तगट दोन्ही बाजूंनी तपासा. पेशींवर अँटी-ए, अँटी-बी (ए आणि बी ओळखणारी प्रतिपिंडं) घालून, आणि सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यात, ए, बी, ओ पेशी घालूनसुद्धा. ट्यूब प्रकाशासमोर धरून हलकेच हलवायची. तळाशी बसलेल्या पेशींचं लाल बटण एकसंध सुटतंय (म्हणजे गुठळी, पॉझिटिव्ह) की त्याचा चुरा होतोय, ते बघायचं. जोरात हलवलीत तर अशक्त प्रतिक्रिया विस्कटते आणि तुम्ही खुशाल 'निगेटिव्ह' लिहिता.

बॉम्बे रक्तगट माहीत असेलच. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. या माणसांच्या पेशींवर ना ए सापडतं ना बी, म्हणून गट ओ वाटतो. पण त्यांचं सीरम ओ पेशींच्याही गुठळ्या करतं. नुसत्या पेशी बघून थांबलात तर हा माणूस ओ म्हणून निघून जातो, आणि ओ रक्त चढवलं की जीव धोक्यात. पुढे १९५७ मध्ये परळला केईएमच्या आवारात रक्तगटांचं संदर्भ केंद्र निघालं. आजची आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ती हीच. दोन्ही बाजूंचे निकाल जुळले नाहीत तर ट्यूब फेकू नका, सरांना हाक मारा.

दुसरी सवय कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी सोबत तपासायच्या निरोगी रक्ताची. ती मी चूक करून शिकले. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी बाहेरगावच्या एका हॉस्पिटलातून एका मुलाचं सॅम्पल आलं. वारंवार गळवं, बीसीजीची लस टोचलेल्या बाजूला काखेत गाठ. शंका क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजची. यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. एनबीटी या रंगद्रव्याच्या चाचणीत निरोगी न्यूट्रोफिलमध्ये निळे-काळे कण दिसतात. या मुलाची एकही पेशी निळी झाली नाही. मी वहीत निदान लिहूनसुद्धा टाकलं. गाइडनी एकच विचारलं, "कंट्रोल कुठाय?" नव्हता. सॅम्पल बर्फात घालून पाठवलेलं होतं आणि मी ते तसंच घेतलं होतं. पुन्हा मागवलं तेव्हा त्याच मुलाच्या पेशी छान निळ्या झाल्या.

तेव्हापासून माझा नियम: हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारी) ट्यूब, खोलीच्या तापमानाला, २४ तासांच्या आत, आणि सोबत त्याच वेळी काढलेलं एका निरोगी, नात्याबाहेरच्या माणसाचं रक्त. वॉर्डबॉय तयार झाला तर उत्तम. दोघांच्या पेशी गप्प बसल्या तर दोष प्रवासाचा. आईचं रक्त कंट्रोल म्हणून चालत नाही, ते वेगळं मागवा.

का, ते आईच्या स्लाइडवर दिसतं. आजार एक्स गुणसूत्रावरचा आणि आई वाहक असेल, तर काही पेशी गडद निळ्या आणि शेजारीच काही कोऱ्या. प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स जागा असतो, त्याचा हा परिणाम. शंभर पेशी मोजा, घाई नको. मी पहिल्यांदा ती स्लाइड पाहिली तेव्हा मोजायचंच विसरले होते.

मग ती आई विचारते, "म्हणजे माझ्यामुळेच ना?" कॉरिडॉरमध्ये उभ्याने उत्तर देऊ नका. समुपदेशकाला सोबत घ्या, बसून बोला, पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते हे सांगा. बहीणही वाहक असू शकते, म्हणून तिचंही सॅम्पल लागणार असतं. ते मात्र त्याच दिवशी मागू नका.