खेळाडूविरुद्ध तक्रार आली, संघाचं काय करायचं? कॉलेज जिमखान्यासाठी कार्यपद्धती

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या दिवसांत हा पेच हमखास अवेळी येतो. उद्या मुंबईच्या क्रॉस मैदानावर सामना, आणि आज संघातल्या एका मुलाविरुद्ध मारहाणीची, रॅगिंगची किंवा विनयभंगाची तक्रार. त्या मुलाला खेळवायचं का, हे कॉलेजने ठरवायचं. कॉलेजचा संघच बाद करायचा का, हे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने. या दोन निर्णयांची सरमिसळ झाली की एकतर सगळं प्रकरण दाबलं जातं, नाहीतर बाकीचे अकरा-बारा निर्दोष खेळाडू भरडले जातात.

या कार्यपद्धतीचा पाया एकच आहे. गुन्ह्याची शिक्षा ज्याने गुन्हा केला त्याला, आणि ती कोर्ट देईल. कॉलेजला किंवा संघाला शिक्षा व्हावी ती कॉलेजने स्वतः जे केलं त्याची: तक्रार दडपली, माहीत असताना खेळवलं, पुरावा नाहीसा केला किंवा तक्रारदारावर दबाव आणला.

नियम आधी लिहा, प्रकरण नंतर येऊ द्या

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए या बाबतीत दोन्ही बाजूंनी अडकली. पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की जून २०१२ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाच्या ४५ आरोपांत दोषी ठरला. पुढच्याच महिन्यात एनसीएएने ६ कोटी डॉलरचा दंड, मोसमोत्तर सामन्यांवर चार वर्षांची बंदी आणि शिष्यवृत्त्यांत कपात लादली, शिवाय १९९८ ते २०११ चे विजय रद्द केले. हे सारं नेहमीची चौकशी बाजूला ठेवून, विद्यापीठाकडून संमतीपत्रावर सही घेऊन. पुढे २०१४ मध्ये सामन्यांवरची बंदी उठली आणि जानेवारी २०१५ मध्ये विजयही परत मिळाले. २०१२ च्या संघात खेळणारी मुलं १९९८ मध्ये जेमतेम चार ते आठ वर्षांची होती, हे लक्षात घेतलं की त्या बंदीतला घोळ कळतो. एक गोष्ट मात्र बरोबर केली होती: खेळाडूंना एकही मोसम बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जायची मोकळीक दिली.

अमेरिकेतल्याच बेलर विद्यापीठाच्या बाबतीत उलट झालं. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी पुढे न कळवणं एनसीएएच्या तेव्हाच्या नियमांत बसणारं उल्लंघन ठरवता येत नाही, असं त्यांच्याच समितीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. नियमच नव्हता, तर शिक्षा कशाची करणार?

म्हणून मोसम सुरू होण्यापूर्वी, प्रवेशिकेसोबतच प्राचार्यांची सही घ्यायच्या नियमावलीत असं कलम घाला:

«संघातील खेळाडू, प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक यांच्याविरुद्ध गंभीर गैरवर्तनाची लेखी तक्रार आल्याचे प्राचार्य, शारीरिक शिक्षण संचालक किंवा संघ व्यवस्थापक यांपैकी कोणासही समजल्यापासून ४८ तासांत महाविद्यालयाने ते क्रीडा विभागास बंद पाकिटात कळवावे. पत्रात तक्रारदाराचे नाव अथवा ओळख पटेल असा तपशील नसावा. न कळवणे हे महाविद्यालयाचे स्वतंत्र गैरवर्तन मानले जाईल.»

‘यांपैकी कोणासही’ हे शब्द काढू नका. नाहीतर प्रत्येक प्रकरणात मॅनेजर म्हणतो मी सरांना सांगितलं होतं, आणि सर म्हणतात माझ्यापर्यंत आलंच नाही. ‘गंभीर गैरवर्तन’ म्हणजे काय, याची व्याख्याही त्याच पानावर द्या: लैंगिक छळ, रॅगिंग, दुखापत करणारी मारहाण, धमकी, खंडणी. मैदानावरची शिवीगाळ पंचांच्या अहवालावर सोडा.

पहिला दिवस

सगळ्यात आधी जन्मतारीख बघा. मुंबईत ज्युनिअर आणि डिग्री कॉलेजचा जिमखाना बहुतेक ठिकाणी एकच असतो, आणि अकरावी-बारावीची मुलं सिनिअर संघाबरोबर सराव करतात. दहावीची गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला काढा. ज्याच्यावर अन्याय झाला ते मूल १८ वर्षांखालचं असेल आणि प्रकार लैंगिक असेल, तर पोक्सो कायदा २०१२ (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) लागू होतो. त्यात ‘आधी आमची अंतर्गत चौकशी, मग पोलिस’ ही सवलतच नाही. कलम १९ नुसार कळल्याबरोबर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवावं लागतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. मुलाची ‘संमती होती’ हा मुद्दा इथे चालत नाही.

तक्रारदार १८ च्या पुढची असेल तर पोलिसांत जायचं की नाही हे ती ठरवेल; पण तिला पोलिस ठाण्यापर्यंत जायला मदत देणं कॉलेजचं काम आहे. कॉलेजमध्ये ते प्रकरण लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीकडे जातं, जिमखाना कमिटीकडे नाही. ‘मैदानावर झालं, कॉलेजमध्ये नाही’ ही पळवाट चालत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडा संकुल, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा स्पष्ट लिहिली आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांनुसार मुदती अशा: तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत (योग्य कारण असल्यास आणखी तीन), तक्रारीची प्रत समोरच्याला सात दिवसांत, त्याचं उत्तर दहा दिवसांत, चौकशी ९० दिवसांत, अहवाल पुढच्या दहा दिवसांत. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी लागतात. ते नसले तर चौकशीला हायकोर्टात आव्हान मिळू शकतं, आणि नेमकी हीच जागा बहुतेक कॉलेजांत रिकामी असते.

रॅगिंगचं वेळापत्रक याहून कडक आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर प्रमुखालाच गुन्ह्याला साथ दिल्याचा दोष लागतो. यूजीसीचे २००९ चे नियम त्यात २४ तासांत एफआयआरची भर घालतात.

मारामारीत एक्स-रेला महत्त्व आहे. साधी दुखापत असेल तर पोलिस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतात आणि प्रकरण तिथेच पडून राहतं. हाड मोडलं, दात पडला, तर कायद्याने ती गंभीर दुखापत होते आणि एफआयआर होतो. ‘नाकाला सूज आहे, उद्या बघू’ असं म्हणत मुलाला घरी पाठवू नका. त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात नेऊन केसपेपर काढा. लैंगिक अत्याचारात तर कोणत्याही रुग्णालयाला, खासगीसुद्धा, तातडीचे उपचार मोफत द्यावेच लागतात.

घटना कुठे घडली यावरून हात झटकू नका. संघ वेस्ट झोन आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाताना रेल्वेगाडीत प्रकार घडला तर हद्द लोहमार्ग पोलिसांची, पण एफआयआर हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात ‘झिरो’ क्रमांकाने नोंदवता येतो. प्रत मोफत मिळते. ती मागून घ्या.

पुरावा

सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. जिमखाना, हॉस्टेल किंवा भाड्याने घेतलेलं मैदान, जिथला कॅमेरा असेल तिथल्या जबाबदार माणसाला त्याच दिवशी लेखी पत्र द्या. पत्रात कॅमेऱ्याची जागा, तारीख आणि वेळ लिहा, वेळेच्या आधी-नंतरचा एकेक तास धरा, आणि कार्यालयीन प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही.

संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी ‘सगळे मेसेज डिलीट करा रे’ असं लिहिलं तर तोच मेसेज दुसरा गुन्हा ठरू शकतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ पुरावा नाहीसा करण्याबद्दल आहे. मॅनेजरने ग्रुपवर एवढंच लिहावं: कोणीही काहीही पुसू नये, पुढे पाठवू नये. साक्षीदार मुलांची निवेदनं एकाच वेळी, वेगवेगळ्या खोल्यांत, स्वतःच्या हाताने लिहून घ्या. कॅप्टन शेजारी बसला असेल तर सगळ्यांचे जबाब शब्दशः सारखे येतात.

आणि मांडवली करायला बसू नका. लैंगिक छळाच्या प्रकरणात तडजोड फक्त तक्रारदाराने स्वतः मागितली तरच होऊ शकते, आणि त्यात पैशांचा व्यवहार कायद्यानेच वर्ज्य आहे.

उद्याच्या सामन्याचं काय

आरोप झाला म्हणजे मुलगा दोषी ठरत नाही. पण कॉलेजचा टी-शर्ट घालून खेळणं हा हक्कही नाही. म्हणून निर्णय ‘निवड तात्पुरती स्थगित’ असा लिहा, ‘हकालपट्टी’ नको. पत्रात चारच गोष्टी: कोणत्या नियमाखाली, कधीपासून, पुढचा आढावा कधी, आणि हा दोषनिर्णय नाही हे वाक्य. दर ३० दिवसांनी आढावा घ्या. सही प्राचार्यांची हवी. कोचची नको, कारण कोचला उद्याचा सामना जिंकायचा असतो. तक्रारदार त्याच संघात किंवा मुलींच्या संघात असेल तर सरावाच्या वेळा बदला. बदल आरोपीच्या वेळेत करायचा, तिच्या नाही. सरसकट उलटं होतं आणि मुलगी महिनाभरात खेळ सोडते.

संघावर कारवाई

आता विद्यापीठाची पाळी. कारवाईची पायरी खालून वर चढा, वरून खाली उतरू नका. पहिला फटका मॅनेजर आणि कोचला: एक ते तीन मोसम संघाच्या कामावर बंदी. मग स्पर्धेचं यजमानपद काढून घ्या. दंड लावायचा तर कॉलेजच्या खात्यातून घ्या आणि खेळाडूंच्या प्रवास-नाश्त्याच्या रकमेला हात लावू नका, असं आदेशातच लिहा; नाहीतर कॉलेज तो तिथूनच वळता करतं.

निकाल रद्द करायचे तर फक्त त्या सामन्यांचे, ज्यांत कॉलेजला माहिती मिळाल्यानंतरही तो खेळाडू उतरवला. बाद पद्धतीच्या स्पर्धेत इथे गोची होते. हरलेल्या संघाला पुढे चाल द्यायची तर पुढची फेरी अजून व्हायची हवी. म्हणून निर्णय पुढच्या फेरीआधी घ्या. जमलं नाही तर निकाल तसाच ठेवून ट्रॉफी व गुण गोठवा.

संपूर्ण प्रवेशबंदी अगदी शेवटी, एका खेळापुरती, एका मोसमासाठी. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला तेवढाच मोसम उरलेला असतो, त्यामुळे विद्यापीठाच्या निवड चाचण्या वैयक्तिकरीत्या खुल्या ठेवा. २०२३ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने निवडणुका वेळेत न घेतल्याने जागतिक संघटनेने त्याला निलंबित केलं, आणि बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत कुस्तीगीर अंतिम पंघालने कांस्यपदक जिंकलं ते तिरंग्याविना. चूक पदाधिकाऱ्यांची असली तरी स्पर्धेची दारं निदान खेळाडूंसाठी उघडी होती. बंदीच्या आदेशात एवढं तरी शिल्लक ठेवा.

एका ठिकाणी मात्र कायदाच सामूहिक शिक्षा सांगतो. रॅगिंग करणारे ओळखू आलेच नाहीत तर २००९ चे यूजीसी नियम सामूहिक कारवाई करायला लावतात, आणि त्यांच्या शिक्षांच्या यादीत स्पर्धेत संस्थेचं प्रतिनिधित्व करण्यास मनाईही आहे. तिथेही ‘संघ’ म्हणजे पूर्ण यादी धरू नका. त्या खोलीत, त्या बसमध्ये हजर कोण होतं हे हजेरी आणि निवेदनांवरून काढा आणि तेवढ्यांपुरतीच कारवाई ठेवा. त्या दिवशी घरी असलेल्या राखीव खेळाडूला त्यात ओढलं तर अपिलात पहिला तोच सुटतो आणि त्याच्याबरोबर आदेशही पडतो.

आदेश देण्यापूर्वी कॉलेजला किमान सात दिवसांची कारणे दाखवा नोटीस द्या, प्राचार्यांना समक्ष ऐका आणि आदेशात कारणं लिहा. अपील कोणाकडे, किती दिवसांत, हे शेवटच्या परिच्छेदात हवं. ज्या कॉलेजची तक्रार आहे त्याचा किंवा त्याच गटात खेळणाऱ्या कॉलेजचा माणूस समितीत असेल तर त्याने त्या दिवशी बाजूला बसावं आणि तशी नोंद इतिवृत्तात यावी.

स्थगिती उठवतानाही पत्रच लागतं. पोलिसांनी पुरावा नसल्याचा अहवाल दिला किंवा अंतर्गत समितीला तथ्य आढळलं नाही, तर त्या तारखेपासून खेळाडू निवडीस पात्र असल्याचं प्राचार्य लिहितात, एक प्रत क्रीडा विभागाला, एक कोचला. संघात जागा मिळेलच असं नाही. ती चाचणीत मिळवावी लागते. मूळ फाइल जिमखान्याच्या कपाटात ठेवू नका. प्राचार्यांच्या कार्यालयात, सीलबंद, आवक क्रमांकासह.