रेटिनॉल लावताय? आधी ट्यूबची मागची बाजू वाचा

साताऱ्यात आमचं मेडिकल आहे. संध्याकाळी काउंटरवर मीच असते आणि हल्ली कुणी ना कुणी मोबाइल पुढे करतंच, “ताई, ही क्रीम आहे का?” फोटोत कधी सुरकुत्या-मुरुमांवर लावायचं रेटिनॉलचं सीरम असतं, कधी ट्रेटिनॉइनची ट्यूब. दोन्ही अ जीवनसत्त्वाच्याच घरातली, पण ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे आधी मागची बारीक अक्षरं वाचायची.

रेटिनाइल पाल्मिटेट सगळ्यांत सौम्य. त्याहून तेज रेटिनॉल, मग रेटिनाल्डिहाइड. ट्रेटिनॉइन हे मात्र औषध, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. रेटिनॉलचं रूपांतर त्वचेत गेल्यावर टप्प्याटप्प्याने त्यातच होतं, म्हणून त्याचा गुण उशिरा दिसतो आणि ते चावतंही कमी.

एका ट्यूबवर मात्र माझा राग आहे. डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, तिन्ही एकत्र. डॉक्टर ती वांगासाठी लिहून देतात, तीही थोड्याच दिवसांसाठी. बाजारात ती गोरं करणारी क्रीम म्हणून खपते! मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसायला लागतात आणि क्रीम बंद केली की चेहऱ्याची आग आग होते. सरकारने २०१८ साली अशा स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी “जावेला गुण आला, मलाही द्या” हे थांबलेलं नाही. मी देत नाही. मग बायका रुसून जातात, जाऊ देत.

दिवस गेले असतील किंवा मूल होऊ द्यायचा विचार असेल, तर यातलं काहीच लावू नका. मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूलने गर्भात व्यंग येतं, हे पक्कं ठाऊक आहे. लावायच्या क्रीममधून रक्तात फार थोडं जातं, पण विषाची परीक्षा कशाला? दिवस गेल्याचं कळण्याआधी चार रात्री क्रीम लावली गेली असेल, तर घाबरून जाऊ नका. बंद करा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता लावायची रीत. रात्री साध्या फेसवॉशने तोंड धुवा, टिपून घ्या आणि चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्या. ओल्या त्वचेवर जास्त चुरचुरतं. मटारच्या दाण्याएवढी क्रीम अख्ख्या चेहऱ्याला पुरते. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरवा. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडा, सोलतं ते तिथेच आधी. वर मॉइश्चरायझर. त्वचा नाजूक असेल तर मॉइश्चरायझर आधीही लावा. सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री, सोसलं तर हळूहळू वाढवा. सकाळी निदान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन हवंच, त्याचा कंटाळा असेल तर रेटिनॉलही नको.

थोडी कोरड, थोडे पापुद्रे चालतात. आग, सूज किंवा लस दिसली तर बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. फेशियल वॅक्स आणि थ्रेडिंगच्या आधी आठवडाभर थांबा, नाहीतर दोऱ्याबरोबर कातडीही निघते. दिवाळीचं उटणंही अंगालाच लावा, चेहरा घासू नका.

युरोपियन युनियनने २०२४ साली रेटिनॉल आणि त्याच्या दोन एस्टरांवर, म्हणजे रेटिनाइल पाल्मिटेटसारख्या त्याच्याच सौम्य रूपांवर, मर्यादा घातली. रेटिनॉलच्या हिशेबाने अंगाच्या लोशनमध्ये ०.०५ टक्के, बाकी सौंदर्यप्रसाधनांत ०.३ टक्के. अ जीवनसत्त्व खाण्यातून आणि गोळ्यांतून आधीच पोटात जात असतं, म्हणून ही काळजी. तुम्ही कॉड लिव्हर ऑइलच्या किंवा मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या घेत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

घेताना पारदर्शक काचेची बाटली टाळा, उजेडाने आणि हवेने रेटिनॉल उतरतं. झाकण घट्ट लावून कपाटात ठेवा, बाथरूमच्या खिडकीत नको.